एफ२ दाबण्याआधी

मामांचा फोन आला तेव्हा सकाळचे साडेसात वाजले होते. २०१९चा मे महिना. देवरुखात मामांचं डीटीपीचं छोटं दुकान आहे. लग्नपत्रिका, हँडबिलं, देवळाच्या वर्गणीची पावतीपुस्तकं, दहावी-बारावीच्या अभिनंदनाचे फलक अशी कामं. मे म्हणजे त्यांची सुगी, आणि त्या सकाळी दुकानातलं एकुलतं एक मशीन सुरू होत नव्हतं.

"स्क्रीनवर काय येतंय?" मी विचारलं.

"अगं, आधी काळ्यावर काहीतरी इंग्रजी येतं. मी बटण दाबतो, पुढे जातं. विंडोजचं चिन्ह येतं आणि परत पहिल्यापासून सुरू."

"कुठलं बटण दाबता?"

"ते सांगतं तेच."

गावातल्या एका दुरुस्तीवाल्याला त्यांनी आदल्या दिवशी दाखवलं होतं. त्याने दोन-तीनदा चालू-बंद केलं आणि 'विंडोज उडालंय, हार्डडिस्कचा पण भरवसा नाही, फॉरमॅट मारून नवीन टाकू, डेटाची गॅरंटी देत नाही' असं सांगितलं. मामांच्या आवाजातली काळजी त्या गॅरंटीची होती. त्या मशीनमध्ये अठरा वर्षांचं मॅटर आहे. आईच्या लग्नाची पत्रिका तेवढी नसेल, पण माझी आहे, माझ्या तिन्ही मावसभावांच्या आहेत, आणि पंचक्रोशीतल्या निम्म्या घरांच्या. शिवाय ते सगळं युनिकोडच्या, म्हणजे अक्षरं सगळ्या मशीनवर सारखी दिसायच्या पद्धतीच्या, आधीच्या फॉन्टांत टाइप केलेलं. फाइल वाचली आणि फॉन्ट गेला, तर 'श्री गणेशाय नमः'च्या जागी इंग्रजी अक्षरं, कंस आणि टिंबं उरतात. फॉरमॅट म्हणजे इथे नुसतं नवं विंडोज नव्हतं. जुने फॉन्ट, पानं जुळवायचं पेजमेकर, प्रिंटर चालवणारे छोटे प्रोग्रॅम म्हणजे ड्रायव्हर, सगळं परत जमवणं होतं, तेही पत्रिकांच्या गर्दीत.

माझं काम संगणक दुरुस्तीचं नाही. मी पुण्यात एका कंपनीत हिशेब बघते. पण हिशेबात फरक आला की वही फाडून नवी करत नाहीत, फरक कुठल्या नोंदीपासून सुरू झाला ते शोधतात, एवढं मला पक्कं ठाऊक होतं. "मामा, कोणाला फॉरमॅट करू देऊ नका, मी येते," म्हटलं आणि रात्रीची एसटी धरली. निघण्याआधी ऑफिसातल्या एका सहकाऱ्याकडून विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही प्रणाली चालू करता येईल असा पेनड्राइव्ह करून घेतला आणि माझी बाहेरून जोडायची हार्डडिस्क पिशवीत टाकली.

दुकानात गेल्यावर पहिलं काम केलं ते म्हणजे शंभर पानी वही उघडली. मशीन चालू करायचं, जे दिसेल ते जसंच्या तसं उतरवायचं, आणि सगळं उतरवून होईपर्यंत एकाही बटणाला हात लावायचा नाही.

काळा पडदा, पांढरी अक्षरं. मी लिहिलं: 'सीमॉस सेटिंग्ज राँग. सीमॉस डेट टाइम नॉट सेट.' त्याखाली दोन ओळी: 'प्रेस एफ१ टू रन सेटअप', 'प्रेस एफ२ टू लोड डिफॉल्ट व्हॅल्यूज अँड कंटिन्यू'. मामा मागून म्हणाले, "मी एफ२ दाबतो. त्यात कंटिन्यू आहे ना."

त्या ओळीतला 'कंटिन्यू' त्यांनी वाचला होता, त्याच्या आधीचा 'लोड डिफॉल्ट व्हॅल्यूज' नाही. त्यात त्यांची काही चूक नाही. सकाळी गिऱ्हाईक दारात उभं असताना पुढे जायचं बटण कोणीही शोधेल. मीही तेव्हा त्या शब्दांखाली नुसती रेघ मारली. त्यांचा पुढच्या गोंधळाशी काय संबंध आहे, हे मला अजून कळलेलं नव्हतं.

मग एफ२. विंडोज ७चे चार रंगीत ठिपके फिरत एकत्र यायला लागले, त्यांचं चिन्ह पुरं होण्याआधी निळं काहीतरी चमकलं, आणि मशीन पुन्हा शून्यापासून. दुसऱ्या वेळी 'विंडोज एरर रिकव्हरी'चं पान आलं: स्टार्टअप रिपेअर करा किंवा नेहमीसारखं सुरू करा. मामांनी आदल्या दिवशी रिपेअर चालवून पाहिलं होतं. अर्धा तास घेऊन त्याने आपोआप दुरुस्त करता येत नाही असं कळवलं होतं.

इथे मी थांबून जरा विचार केला, आणि हा विचार मला दुरुस्तीवाल्याकडून हवा होता. मशीन सुरू होताना एकामागून एक वेगवेगळे बोलणारे असतात. सगळ्यात आधी मदरबोर्डवरचा, म्हणजे आतल्या मुख्य पाटीवरचा, बायोस नावाचा छोटा प्रोग्रॅम बोलतो. तो मेमरी, कीबोर्ड, डिस्क तपासतो. त्याला विंडोज म्हणजे काय हे माहीतही नसतं. त्याला डिस्कवर सुरू करण्यासारखं काही सापडलं नाही, तर तो 'रिबूट अँड सिलेक्ट प्रॉपर बूट डिव्हाइस' म्हणतो. डिस्क सापडली पण तिच्यावरचा पहिला विंडोजवाला गायब असेल, तर 'बूटएमजीआर इज मिसिंग' येतं. जुन्या विंडोज एक्सपीच्या काळात त्याच जागी 'एनटीएलडीआर इज मिसिंग' यायचं. त्यानंतर विंडोजचा गाभा बोलतो, निळ्या पडद्यावर. आणि सगळ्यात शेवटी, डेस्कटॉप दिसल्यावर, छोट्या चौकोनांतून आपापले प्रोग्रॅम बोलतात. कोण बोलतंय ते कळलं की त्याच्या आधीच्यांचं काम निदान तिथवर झालंय, हेही कळतं.

आमच्याकडे ते रंगीत ठिपके फिरत होते. ते ठिपके कुठून येतात? त्याच डिस्कवरून. म्हणजे डिस्क फिरतेय, वाचली जातेय. हार्डडिस्क मेली असती तर गाडी तिथवर आलीच नसती. हे लक्षात आल्यावर माझ्या पोटातला गोळा बराच उतरला, आणि मामांना ते सांगितल्यावर ते खुर्चीत बसले. तोवर उभेच होते.

आता तो निळा पडदा वाचायचा होता. तो डोळ्यांना पुरत नव्हता. आधी फोनवर व्हिडिओ काढून पाहिला, अक्षरं पुसट आली. मग आठवलं की विंडोज ७मध्ये बायोसचं बोलणं संपल्यावर आणि ठिपके सुरू होण्याआधी एफ८ दाबत राहिलं की एक यादी येते. त्या यादीत 'डिसेबल ऑटोमॅटिक रिस्टार्ट ऑन सिस्टम फेल्युअर' अशी ओळ असते. ती निवडली, आणि निळा पडदा शांतपणे समोर उभा राहिला. इतका वेळ धावत जाणारा माणूस थांबून बोलायला लागावा तसं वाटलं. वर नेहमीचे सल्ले होते: व्हायरस तपासा, नवी डिस्क किंवा डिस्क कंट्रोलर बसवला असेल तर काढा, डिस्क तपासणारं चेकडिस्क चालवा. खाली 'स्टॉप' आणि त्यापुढे शून्यांची रांग, शेवटी ७बी.

फोनवर शोधलं. ७बी म्हणजे ज्या डिस्कवरून विंडोज सुरू व्हायचं, तिथवर विंडोजला पोहोचता येत नाही. आणि मी चक्रावले. आत्ताच तर ठिपके तिथूनच आले होते! बायोसला डिस्क वाचता येते, विंडोजचा पहिला टप्पाही बायोसच्या मदतीने वाचला जातो, पण विंडोजने स्वतःचा ड्रायव्हर घेऊन डिस्क हातात घ्यायची वेळ आली की हात पोकळीत जातो.

उत्तराच्या मागे लागण्याआधी डेटा बाहेर काढायचा ठरवलं. यात मी कोणाचंही ऐकणार नव्हते. बूट मेनूतून पेनड्राइव्हवरचं लिनक्स सुरू केलं. मामांचा सी आणि डी दोन्ही ड्राइव्ह दिसले, आतले फोल्डर उघडले. 'लग्नपत्रिका २००१' पासून पुढे ओळीने. मामांनी एक फाइल उघडायला सांगितली. पेजमेकरची फाइल लिनक्सवर उघडत नाही हे मी सांगितलं, पण नाव आणि तारीख दिसली तेवढ्यावर त्यांचं समाधान झालं. लिनक्समधल्या 'डिस्क्स' या प्रोग्रॅममध्ये डिस्कची स्मार्ट माहिती, म्हणजे तिने स्वतःच्या तब्येतीची ठेवलेली नोंद, पाहिली. खराब म्हणून बदललेले सेक्टर, म्हणजे डिस्कवरचे छोटे कप्पे, शून्य, वाचायचे राहिलेले सेक्टर शून्य. डिस्क धडधाकट होती. सगळं मॅटर, आणि विंडोजच्या फोल्डरातला अख्खा फॉन्ट फोल्डर, माझ्या डिस्कवर उतरवायला लावला. ४१ जीबी, त्यात हजारो बारक्या फाइली. दीड तास लागला. मध्ये वीज गेली, पण इन्व्हर्टरने सांभाळलं. त्या दीड तासात मामींनी आंबोळ्या केल्या आणि मी वहीची पानं पुन्हा पहिल्यापासून वाचली.

आणि पहिल्याच पानावर ती रेघ मारलेली ओळ होती. लोड डिफॉल्ट व्हॅल्यूज.

मदरबोर्डवर एक गोल, चपटा सेल असतो, सीआर२०३२. घड्याळजी ठेवतात तोच, ३ व्होल्टचा. मशीन बंद असताना बोर्डवरचं घड्याळ चालू ठेवणं आणि आपण बायोसमध्ये केलेल्या निवडी लक्षात ठेवणं, हे त्याचं काम. या निवडी जिथे राहतात ती जागा म्हणजे पडद्यावरचं ते 'सीमॉस'. सेल संपला की बोर्ड त्या निवडी विसरतो आणि कारखान्यातून आला तसा वागायला लागतो. मामांना विचारलं, घड्याळ मागे पडत होतं का? "हो तर! पंधरा दिवस रोज सकाळी तारीख दुरुस्त करतोय. मेल उघडायला गेलं की कनेक्शन सुरक्षित नाही म्हणून सांगायचं, तारीख बदलली की उघडायचं." साइटची प्रमाणपत्रं तारखेवर तपासली जातात, मशीनला चुकीचं वर्ष वाटलं की ती खोटी ठरतात. सेल पंधरा दिवस आधीपासून सांगत होता, फक्त त्याचा आवाज वेगळ्या दारातून येत होता.

मग विसरलेल्या निवडींपैकी डिस्कशी संबंध असलेली कुठली? एफ१ दाबून सेटअपमध्ये गेले. तारीख जानेवारी २०११ दाखवत होती. एकेका पानाचा फोटो काढत पुढे गेले, कारण बायोसमध्ये काही बदलायचं असेल तर आधीचं रूप हाताशी हवं. साठवणुकीच्या पानावर 'साटा मोड' अशी ओळ सापडली, समोर 'आयडीई'. इतर पर्याय 'एएचसीआय' आणि 'रेड'. फोनवर वाचलं आणि कोडं उलगडलं. हे डिस्कशी बोलायचे वेगवेगळे रस्ते आहेत. विंडोज ७ ज्या रस्त्यावर बसवलं, त्याचाच ड्रायव्हर सुरुवातीला घेऊन निघतं. २०११ साली ज्याने हे मशीन जोडलं, त्याने एएचसीआय निवडून विंडोज टाकलं असणार. आठ वर्षं तसंच चाललं. सेल संपला, मामांनी एफ२ दाबलं, बोर्ड मूळच्या आयडीईवर गेला आणि विंडोज आपल्या सवयीच्या एएचसीआयच्या रस्त्यावर उभं राहून डिस्कला हाका मारत राहिलं. लिनक्स दोन्ही रस्त्यांचे ड्रायव्हर बरोबर घेऊन येतं, म्हणून त्याला काहीच अडलं नाही.

आयडीईचं एएचसीआय केलं, तारीख भरली, एफ१० दाबून जतन केलं. ठिपके फिरले, चिन्ह पुरं झालं, 'वेलकम' आलं, आणि मामांच्या डेस्कटॉपवरचा मार्लेश्वरचा धबधबा दिसला. मामा काही बोलले नाहीत. उठून बाहेर गेले आणि दाराशी थांबलेल्या गिऱ्हाइकाला म्हणाले, "संध्याकाळी प्रूफ देतो."

खरं तर अर्धंच काम झालं होतं. सेल तसाच होता. बाजारातल्या घड्याळाच्या दुकानातून नवा आणला. शेजारच्या वायरमनने मीटर लावून दाखवला: जुना २.१ व्होल्ट, नवा ३.२. मशीनचा प्लग काढला, लोखंडी कपाटाला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवली, कॅबिनेट उघडलं. आत धूळ आणि कोकणातल्या दमटपणाने तिची झालेली खरपूड. सेलची खूण ध्यानात ठेवून, अधिकची बाजू वर, नवा बसवला. ब्रशने धूळ काढली. झाकण लावलं, सुरू केलं.

पडद्यावर काहीच नाही. आतून बीप, बीप, थांबून पुन्हा बीप.

छातीत धस्स झालं. पण वहीत लिहायला घेतल्यावर डोकं ताळ्यावर आलं. तासाभरापूर्वी चालणारं मशीन, मधल्या काळात मी काय हलवलं? सेल आणि धूळ. पडदा सुरू होण्याआधी बायोसकडे बोलायला बीपशिवाय काही नसतं, आणि कुठल्या बीपचा काय अर्थ हे बोर्ड बनवणाऱ्यागणिक बदलतं. बोर्डाची पुस्तिका मामांनी खणात जपून ठेवली होती, त्यात त्या बीपपुढे मेमरी लिहिलेलं होतं. ब्रश मेमरीच्या पट्टीवरून फिरला होता. ती काढली, तिच्या सोनेरी टोकांवरून शाळेचा खोडरबर हळूच फिरवला, टोकांवर काळपट थर होताच, रबराचा भुगा झटकला आणि दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या टक् वाजेपर्यंत पट्टी दाबून बसवली. पडदा आला. सेल काढल्यामुळे बोर्ड पुन्हा सगळं विसरला होता, पुन्हा तोच 'सीमॉस' संदेश. यावेळी एफ१ दाबलं, एएचसीआय, तारीख, एफ१०. पाच मिनिटांचं काम.

डेस्कटॉपवर एक चौकोन मात्र राहिला होता. 'रनडीएलएल: देअर वॉज अ प्रॉब्लेम स्टार्टिंग', पुढे लांबलचक पत्ता, आणि दिलेलं मोड्यूल सापडत नाही असं. मामा वर्षभर त्यावर ओके दाबत होते. हा शेवटच्या टप्प्यातला संदेश, जीवघेणा नव्हे. कधीतरी फुकटच्या प्रोग्रॅमबरोबर काही नको ते आलं, अँटीव्हायरसने ती फाइल उडवली, पण 'सुरू होताना हिला बोलाव' ही सूचना मागे राहिली. अशी सूचना कुठे लपली आहे ते शोधायला मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्स या साधनसंचातलं 'ऑटोरन्स' फार उपयोगाचं. ज्या ओळीची फाइल जागेवर नाही, ती ओळ ते पिवळी दाखवतं. आमची ओळ टास्क शेड्युलरमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी प्रोग्रॅम सुरू करणाऱ्या यादीत, निघाली. मी ती पुसली नाही, नुसती बरोबरची खूण काढली. चुकलं असतं तर परत लावता आली असती. पुढच्या सुरुवातीला चौकोन आला नाही. ही फाइल कुठल्यातरी साइटवरून उतरवून जागेवर ठेवा, असे सल्लेही फोनवर दिसले होते. ते करू नये. जी गेली ती जाण्याच्याच लायकीची होती.

डी ड्राइव्ह तपासायची आहे असंही एकदा सुरुवातीला आलं. मशीन सतरा वेळा अर्ध्यात बंद पडल्यावर ते येणारच. डेटा बाहेर काढलेला होता, म्हणून चेकडिस्कला निर्धास्तपणे चालू दिलं. एकदा पूर्ण झाल्यावर पुन्हा आलं नाही.

सेल आत्ताच का संपला, हे मात्र मला रात्री जेवताना उमगलं. मशीन बंद असलं तरी प्लग जोडलेला असेल तर बोर्डला भिंतीतून थोडी वीज मिळत राहते आणि सेलवर फारसा भार येत नाही. मामा रोज रात्री प्लग उपसून ठेवतात. वळवाच्या दिवसांत तर आभाळ गुरगुरलं की दिवसाही. त्या आठवड्यात तीन दिवस विजांमुळे मशीन तसंच प्लगविना पडून होतं, आणि दमलेला सेल तेवढ्यात आटपला. मामांनी विचारलं, "मग प्लग काढायचा नाही का?" मी म्हटलं, काढायचाच. वीज पडून बोर्ड जळण्यापेक्षा चार-पाच वर्षांनी एक सेल बदललेला केव्हाही परवडतो. त्यांनी कॅबिनेटच्या आतल्या बाजूला कागद चिकटवला: सेल बदलला, मे २०१९. त्याखाली मी लिहिलं: साटा मोड एएचसीआय.

वही मी तिथेच ठेवून आले.

२०२१च्या जानेवारीत सकाळी पुन्हा फोन. यावेळी मामा एकेक शब्द सावकाश वाचत होते: "स्मार्ट स्टेटस बॅड. बॅकअप अँड रिप्लेस. प्रेस एफ१ टू रिझ्यूम." मग म्हणाले, "वहीत उतरवलंय. हे बायोसच बोलतंय ना? ठिपके अजून आलेले नाहीत."

"हो, बायोसच. डिस्कने स्वतःहून सांगितलंय की मी आता थकले. तुम्ही एफ१ दाबलंत?"

"नाही. बटण बंद केलं, प्लग काढला. तू येईपर्यंत कोणी हात लावायचा नाही म्हणून वर चादर घातली आहे."

मी त्याच दुपारी दुकानात जाऊन २४० जीबीची एसएसडी, म्हणजे न फिरणारी डिस्क, घेतली आणि रात्रीच्या एसटीचं तिकीट काढलं.